बंद ड्रमच्या आतलं काम : केळझरच्या गॅरेजमध्ये जुळलेला हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत मी जुन्या फियाटचं मागचं चाक उघडून ब्रेक-शू कसे बदलतात ते दाखवलं. व्हिडिओ पाहून एका मित्राचा फोन आला, "सर, आपलं चॅनल धंद्याचं आहे की गॅरेजचं?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर व्हिडिओत पुरतं देता आलं नाही, म्हणून हा लेख. आधी ब्रेक समजून घेऊ, मग धंदा. दोन्हींचा संबंध कसा येतो ते शेवटी तुम्हीच सांगाल.

गाडी उजवीकडे ओढायला लागली

केळझर तुम्हाला माहीत असेल. वर्धा जिल्हा, सेलू तालुका. नागपूरहून वर्ध्याला निघालं की साधारण पन्नास किलोमीटरवर हे गाव लागतं. टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. पलीकडे बोरचं जंगल. रस्त्यानं वर्दळ भरपूर.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी अजून सांभाळून ठेवली आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. आधी ती फियाट ११०० डिलाइट होती, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. आमच्याकडे मात्र कायम 'फियाट'च. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून आई डोळे पुसत होती. अशी ही घरची गाडी. विलायतेत लोक एमजी नाहीतर ट्रायम्फसारख्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना जीव लावतात, तसा आम्ही हिला लावतो. गंमत म्हणजे एमजीबी काय, ट्रायम्फ स्पिटफायर काय, त्यांच्याही मागच्या चाकांत ड्रम ब्रेकच असतो. तत्त्व तेच, वागणंही तेच.

तर दर्शन घेऊन आम्ही देवळाकडून खाली उतरत होतो. मागच्या सीटवर आई, मांडीवर प्रसादाची पिशवी. उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. पेडलही नेहमीपेक्षा खाली गेलं. कशीबशी गाडी सावरली आणि हळूहळू रस्त्याकडेच्या पहिल्या गॅरेजपर्यंत आणली. एक पत्र्याची शेड, बाहेर चार-पाच मोटारसायकली, आत तिशीतला एक मेकॅनिक. आयटीआय केलेला.

दोनच आठवड्यांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमध्ये मी मागचे चारही शू नवे बसवून घेतले होते. त्यामुळे मी ठसक्यात म्हणालो, "शू नवे आहेत. नुसतं ॲडजस्ट करून दे, वर्ध्याला पोचायचंय."

त्यानं डावं मागचं चाक काढलं, ड्रम ओढला आणि काही न बोलता मला बोलावलं. नवं लायनिंग ओलंचिंब होतं. बोट लावून त्यानं मला दाखवलं. मग बोटावर पाण्याचा एक थेंब टाकला. तेलकटपणा पाण्यात मिसळून गेला.

"हे ब्रेक ऑइल आहे काकाजी. गिअर ऑइल असतं तर पाण्यात मिसळलं नसतं, वास बी वेगळा येते. सिलिंडर गळून राह्यला जी. शू बदलले, पण रबर कोणी उचलून पाह्यलंच नाही. गाडी आज नाही जात."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? वर्धा पंचवीसेक किलोमीटरवर. म्हणालो, "हळू नेतो."

तो म्हणाला, "तुम्ही न्याल जी. पण मागं आजी बसून आहेत."

मी गप्प झालो.

ड्रमच्या आत काय चालतं

आता थोडं तंत्र. गॅरेज काढायचं असो नसो, हे समजलं पाहिजे.

चाकाबरोबर फिरणारं लोखंडी डबडं म्हणजे ड्रम. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू. शूच्या पाठीवर घासणारा थर असतो, तो लायनिंग. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब नळीतून चाकातल्या छोट्या सिलिंडरपर्यंत जातो, त्यातले पिस्टन बाहेर सरकतात, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. पेडल सोडलं की स्प्रिंग त्यांना परत ओढून घेतात.

डिस्क ब्रेकचे पॅड चाकाच्या फटीतून दिसतात. ड्रमचं तसं नाही. सगळं झाकलेलं. लायनिंग किती उरलं, सिलिंडर गळतोय का, स्प्रिंग ढिली पडली का, हे ड्रम काढल्याशिवाय कळत नाही. गिऱ्हाईक तर कधीच बघत नाही. तो फक्त पैसे देतो आणि विश्वास ठेवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम कसं करायचं

केळझरच्या त्या पोरानं केलं त्याच क्रमानं सांगतो.

गाडी पक्की करा. सपाट जागा हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे ढिले करा, मग जॅक लावा, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली घोडी द्या. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी घोडी. ज्या गाडीत हँडब्रेक मागच्या शूवर चालतो, तिथे तो सोडलेला हवा, नाहीतर ड्रम निघणार नाही.

ड्रम अडला तर ठोकाठोक नको. जुन्या ड्रमच्या कडेला घासून घासून ओठ तयार होतो आणि शू त्यात अडकतात. ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्या, मग लाकडी हातोडीनं ड्रमला गोल फिरत टिचक्या मारा. मागच्या पत्र्यात पेचकस घालून उचकलं तर पत्रा वाकतो.

धूळ फुंकू नका. आपल्याकडे सर्रास कॉम्प्रेसरची हवा मारतात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. नव्या लायनिंगची धूळही काही औषध नव्हे. पाण्याचा फवारा मारा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला मास्क. फवारा आणि मास्क मिळून शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. हेल्परच्या तब्येतीपुढे ते काहीच नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, लांब लायनिंगचा शू पुढे की मागे, हे विसरायला दोन मिनिटं लागतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हाच फोटो पुढे गिऱ्हाइकाला दाखवायलाही कामी येतो.

दुखणं शोधा. शहरातल्या गॅरेजमध्ये नेमकं हेच राहून गेलं होतं. व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबर उचला. आत ओल दिसली की सिलिंडर खोलायचा. आत गंज किंवा ओरखडे असतील तर सिलिंडरच बदला. तो गुळगुळीत असेल तरच नवं रबर किट घाला. ड्रमला बोटाला लागतील अशा चरी पडल्या असतील तर लेथवर घासून घ्या, पण ड्रमचा व्यास किती वाढला तर चालतो याची मर्यादा असते. ती ड्रमवर कोरलेली असते किंवा मॅन्युअलमध्ये मिळते. मर्यादेबाहेर गेलेला ड्रम भंगारातच जायला हवा.

तेल पिलेलं लायनिंग परत वापरू नका. पेट्रोलनं धुणं, जाळणं, पॉलिश पेपर मारणं, हे सगळं मी पाहिलं आहे. वरून कोरडं दिसतं, पण ड्रम तापला की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. माझे दोन आठवड्यांचे नवे शू त्यानं बाजूला काढून ठेवले. माझा जीव तुटला, पण त्याचं बरोबर होतं.

दोन्ही चाकांचं काम एकत्रच. एका चाकात नवं लायनिंग आणि दुसऱ्यात जुनं असेल, तर पकड वेगवेगळी होते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. गिऱ्हाईक म्हणेल "एकाच बाजूचं करून द्या". नम्रपणे नाही म्हणा.

बसवताना स्वच्छ हात. शू मागच्या पत्र्यावर जिथे सरकतात त्या टेकूंवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ थर द्या, नखभर. लायनिंगला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका.

एअर काढा. सीलबंद बाटलीतलं ताजं ब्रेक ऑइलच वापरा, गाडीला सांगितलेल्या डॉट नंबरचं. उघडी बाटली हवेतलं पाणी शोषते आणि तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल बसतं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, ही रीत. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. "दाब... धरून ठेव... सोड." नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मधूनमधून डबी भरत राहा, ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, नाहीतर रंग उडतो.

ॲडजस्ट आणि चाचणी. पेडल दोन-तीनदा दाबून शू मधोमध बसू द्या. मग चाक हातानं फिरवत ॲडजस्टर घट्ट करा, घासल्याचा हलका आवाज आला की चाक मोकळं फिरेल इतका मागे. चाक जमिनीवर आलं की नट पक्के करा. गाडी हलवण्याआधी पेडल दाबून पाहा, कडक लागलं पाहिजे. पहिली चाचणी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगानं. नवं लायनिंग ड्रमला बसायला थोडं अंतर लागतं, तोवर जोरात ब्रेक मारणं टाळायचं.

चारशे रुपयांचं बिल

गाडी त्या रात्री केळझरलाच राहिली. आम्ही एसटीनं वर्ध्याला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं तो नागपूरला गेला. जुन्या फियाटचे पार्ट गावात कुठून मिळणार? शूवर नवं लायनिंग रिबिट करून घेतलं, रबर किट आणलं, दुपारी परत आला आणि संध्याकाळपर्यंत काम पुरं केलं. मी पोचलो तेव्हा जुने शू, फुटलेलं रबर आणि पार्टची बिलं एका ताटात मांडून ठेवलेली होती.

"मजुरी किती?"

"चारशे द्या जी."

मी तिथेच स्टूल ओढून बसलो. म्हटलं, तू मला ब्रेक शिकवलास, आता मी तुला थोडा हिशोब सांगतो. वही काढली आणि त्याचेच आकडे लिहिले :

- शेडचं भाडं महिन्याला ३,०००
- वीज आणि मोबाइल १,५००
- हेल्पर ९,०००
- हत्यारांची झीज, फडकी, ग्रीस १,५००
- त्याचा स्वतःचा पगार, घर चालायला लागतो तेवढा, १८,०००

एकूण ३३,००० रुपये.

आता तास. शेड महिन्यातले २६ दिवस, रोज नऊ तास उघडी असते. पण झाडलोट, भाव सांगणं, पार्टची वाट पाहणं, चहा आणि गप्पा वजा केल्या तर हाताला प्रत्यक्ष काम रोज पाच तासच. म्हणजे महिन्याला १३० तास. ३३,००० भागिले १३०, तासाला साधारण २५४ रुपये. यात नफा नाही. हा नुसता शेड उघडी ठेवण्याचा खर्च.

माझ्या गाडीवर त्याचे हाताचे चार तास गेले होते. म्हणजे १,०१६ रुपये. त्यानं मागितले ४००. वरची ६१६ रुपयांची खोट त्याच्या घरातून जाणार होती. नागपूरची फेरी तर त्यानं धरलीच नव्हती. एसटीचं तिकीट, अर्धा दिवस आणि तेवढा वेळ बंद राहिलेली शेड, सगळं फुकट.

तो आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे जी. पण गावात एवढे कोण देते?"

मित्रांनो, हा प्रश्न प्रत्येक ट्रेनिंगमध्ये येतो आणि तो खरा आहे. वहीतला दर दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहून चालत नाही. त्याच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइकं दुचाकीची. स्प्लेंडर असो की ॲक्टिव्हा, मागच्या चाकात ड्रम असतोच. त्याचे शू बदलायला त्याला अर्धा तास लागतो आणि तो ८० रुपये घ्यायचा. हिशोबानं १२७ व्हायला हवेत. वर ४७ रुपये मागायचे, तर गिऱ्हाइकाला त्याचं काहीतरी दिसलं पाहिजे.

न दिसणारं काम दिसतं करा

म्हणून आम्ही चार गोष्टी ठरवल्या. यातल्या दोन तो आधीपासूनच करत होता, फक्त त्याला त्यांची किंमत माहीत नव्हती.

एक, ताट. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, सोबत उघडलेल्या ड्रमचा फोटो. घासलेला शू आणि नवा शू शेजारी ठेवले की वेगळं भाषण लागत नाही.

दोन, कार्ड. तारीख, किलोमीटर, काय बदललं, पुढची तपासणी कधी. आठ दिवसांनी एकदा फुकट तपासणी. ही तपासणी पाच मिनिटांची असते, पण गिऱ्हाईक पुन्हा शेडमध्ये येतो.

तीन, वही. परत आलेलं प्रत्येक काम लाल पेनानं लिहायचं. दीड तासाचं काम परत आलं तर दीड तास फुकट, म्हणजे ३८१ रुपये गेले, शिवाय नाव गेलं. घाईनं वाचवलेली दहा मिनिटं किती महाग पडतात, हे लाल शाई सांगते.

चार, नाही म्हणणं. एकाच बाजूचं काम, तेल पिलेला शू, मर्यादेबाहेरचा ड्रम. यांना भावात बसवायचं नाही. गिऱ्हाईक गेला तर जाऊ द्यायचा. त्या संध्याकाळी त्यानं मला अडवलं नसतं, तर पेडल कुठल्या वळणावर बसलं असतं कोण जाणे.

आणि एक पाचवी गोष्ट मी त्याला करू नको म्हणालो. फियाटचं काम छान झालं, म्हणून 'जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट' अशी पाटी लावू नको. अशा गाड्या महिन्यात एखादी येणार. त्यांच्यासाठी पार्ट भरून ठेवले तर पैसा फळीवर पडून राहील. फळीवर फक्त त्याच दुचाकींचे शू ठेव ज्या तुझ्या वहीत सर्वांत जास्त दिसतात. जुनी गाडी आली तर आधी पार्टचे पैसे घे, फेरीचा आकार वेगळा सांग, मगच चाक उघड.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट आहे, स्वतः ऑनलाइन करा, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात कामगार थोडेच असतील तर दुकान कायद्याखाली फक्त सूचना द्यायची असते. हत्यारांसाठी कर्ज लागलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. पण आधी तासाचा दर काढा. खोटीतल्या कामावर कर्ज घेतलं की खोट मोठी होते, एवढंच.

चार महिन्यांनी

परवा पुन्हा केळझरला गेलो. तासाला २५४ काही अजून मिळत नाहीत. दुचाकीच्या शूला आता तो १२० घेतो. दोन नेहमीची गिऱ्हाइकं पुढच्या गॅरेजला गेली, त्यातलं एक परत आलं. लाल पेनाच्या ओळी पहिल्या महिन्यात सात होत्या, गेल्या महिन्यात दोन. हेल्पर मास्क लावतो, पण मी दिसलो की जरा घाईनं लावतो, हेही पाहिलं.

शेडच्या पत्र्यावर एक नवी पाटी होती, त्याच्याच हातची : 'ब्रेकच्या कामात घाई नाही. जुना पार्ट पाहूनच पैसे द्या.'

आई गाडीतच बसली होती. तिनं काच खाली करून पाटी वाचली आणि प्रसादातला एक लाडू त्याच्यासाठी बाजूला काढला.

आजचा गृहपाठ

तुमचा धंदा शिवणकामाचा असेल, मसाल्याचा असेल, मोबाइल दुरुस्तीचा असेल. एक कागद घ्या आणि दोनच गोष्टी लिहा. पहिली, महिन्याचा सगळा खर्च, स्वतःचा पगार धरून, भागिले हाताला प्रत्यक्ष काम असलेले तास. दुसरी, तुमच्या धंद्यातला 'बंद ड्रम' कुठला? म्हणजे गिऱ्हाईक कधीच बघत नाही, पण ज्यावर सगळा विश्वास टिकून आहे, असं काम कुठलं? आस्तराची शिलाई असेल, मिरची निवडणं असेल, सोल्डरिंग असेल. ते नीट करा, दाखवा आणि मगच भाव सांगा.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही उघडू. तोवर गाडी हळू चालवा आणि मागचा ड्रम एकदा काढून पाहा.